संध्याकाळचं एमबीए

सेवकराम निनावे भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. दहा-अकरा वर्षं शिकवून झाली होती आणि त्याला त्याचा पुरता कंटाळा आला होता. मास्तरानं कंटाळा हा शब्द तोंडातून काढू नये असं आपल्याकडं मानतात, म्हणून तो काढत नसे. पण दरवर्षी पावसाळ्यात ध्वनीचा धडा यायचा, त्या धड्यात प्रतिध्वनीवर करायचा एक ठरलेला विनोद होता, आणि ते वाक्य जवळ यायला लागलं की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. पोरं मात्र हसायची. पोरं दरवर्षी नवी असतात, मास्तर तोच असतो.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं, कारण कंटाळ्यानं नोकरी सोडणारा माणूस भंडाऱ्यात कुणी पाहिलेला नाही. पण एका दिवाळीच्या सुट्टीत भलतंच घडलं. विणकर सोसायटीचा गाळा नागपूरच्या प्रदर्शनात लागायचा होता आणि सोसायटीचे मॅनेजर भैय्याजी तापानं पडले होते. सेवकरामचे वडील लक्ष्मणराव सोसायटीचे जुने विणकर. त्यांची लुगडी गाळ्यात होती, म्हणून भैय्याजींनी सेवकरामला गळ घातली. सोसायटीची पद्धत अशी, की माल घडी घालून कपाटात ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं मागितला तर उपकार केल्यासारखा दाखवायचा. सेवकरामनं कपाट उघडलंच नाही असं नाही, उघडलं आणि रिकामं केलं. लुगडी दोरीवर टांगली, पदर रस्त्याकडं सोडले, आणि येणाऱ्या बायांना हे लुगडं कुणी विणलं, ते कोणत्या गल्लीत राहतात, हे तो सांगत बसला. प्रदर्शन संपायच्या आधीच गाळा रिकामा झाला. कुण्या गिरणीतले एक साहेब बायकोसाठी लुगडं न्यायला आले होते. दोरी रिकामी पाहून ते म्हणाले, मास्तरकी काय करता, एमबीए करा. तो शब्द सेवकरामच्या कानात पाणी गेल्यासारखा बसला. मान कितीही झटकली तरी निघेना.

१९८१ साली त्यानं आणि शाळेतल्या तुलारामनं प्रवेश परीक्षा दिली. तुलाराम करडी गावचा, गणित शिकवायचा, घरी धानाची शेती. दोघंही पास झाले आणि मग खरी अडचण उभी राहिली, कारण नागपुरात एमबीए दोन प्रकारचं होतं. एक दिवसाचं: दोन वर्षं, नोकरी सोडून, तिथंच खोली करून राहायचं. शेवटी कंपन्या स्वतः येऊन माणसं उचलत. दुसरं संध्याकाळचं: तीन वर्षं, नोकरी करता करता. तिथं कंपन्या येत नसत, कारण तुम्हाला नोकरी आहेच असं धरलेलं. शाळेच्या संस्थेनं दोन वर्षांची रजा द्यायला साफ नकार दिला. दिवसाचं करायचं असेल तर राजीनामा द्या. संध्याकाळचं करायचं असेल तर सकाळच्या पाळीचे वर्ग देतो, एवढी मेहेरबानी हेडमास्तरांनी दाखवली.

तुलारामनं एका दिवसात निकाल लावला. धान भाऊ पाहतो, बायको माहेरी राहील, म्हणाला, आणि राजीनामा लिहिलासुद्धा. सेवकरामचं तसं नव्हतं. घरात म्हातारे आईवडील, बायको चंद्रकला आणि नुकती पावलं टाकायला लागलेली मुलगी. त्याचा पगार थांबला तर दोन वर्षं घर लक्ष्मणरावांच्या लुगड्यावर चालणार, आणि लुगडं विकलं जाईल तेव्हा जाईल. म्हणजे सगळं येऊन थांबत होतं म्हाताऱ्याच्या दोन हातांवर. त्या हिवाळ्यात लक्ष्मणरावांच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलं होतं, हेही सेवकरामनं पाहिलं होतं.

चंद्रकलाला यातलं काही अवघड वाटत नव्हतं. "दोन वरसं लोकं जेलातबी काढते," ती म्हणाली. "तुमी नागपुरात काढा. आमी का मरून जाऊन रायलो का?"

तिच्या बोलण्यानं सेवकरामचं मन दिवसाच्या बाजूला झुकलं होतं. राजीनाम्याची वाक्यंही मनात जुळली होती. आता वडिलांना विचारायचं तेवढं राहिलं होतं, आणि नेमकं तेच त्या घरात कुणी करत नसे. लक्ष्मणराव आणि सेवकराम समोरासमोर बसून पीकपाणी, नदीचा पूर, कुणाकुणाचं मरण, सगळं बोलत. पण ज्यात एकानं दुसऱ्याकडं काही मागायचं आहे, ती गोष्ट सेवकरामच्या आईच्या, जानकीबाईंच्या मार्फत जायची. ती इकडचं तिकडं नेई आणि वाटेत आपल्या पदरचं थोडं घाली. तिनं हेही नेलं. लक्ष्मणरावांनी ऐकून घेतलं आणि "हूं" म्हणाले. त्या "हूं"चा अर्थ लावण्यात सेवकरामचे चार दिवस गेले. मला विचाराल तर अशा बापलेकांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली पाहिजे. पण तिथंही ते पावसापाण्याचंच बोलले असते.

आता इथं मागाची एक गोष्ट सांगायला हवी. हातमागावरचं लुगडं विणून झालं, की विणकर ते कापून घेतो, पण सगळे उभे धागे काढत नाही. फणीच्या मागं वीतभर शेपूट तसंच ठेवतो. मग नवा ताणा, म्हणजे नव्या उभ्या धाग्यांची जुडी, आणून त्याचा एकेक धागा जुन्या शेपटाच्या एकेका धाग्याला राख लावलेल्या बोटानं पिळून सांधायचा. शेपूट ओढलं की नवा ताणा आपसूक फणीतून पुढं येतो. शेपूट काढून टाकलं, तर प्रत्येक धागा पुन्हा फणीच्या दातांतून ओवावा लागतो आणि त्यात डोळ्यांचं पाणी होतं. म्हणून कुणी काढत नाही. निनाव्यांच्या घरातला माग लक्ष्मणरावांच्या वडिलांपासून असाच चालत आलेला. जुन्याला नवं सांधलेलं, मध्ये कुठं तुटलेलं नाही. माग रिकामा पडतो तो विणकर मेला म्हणून, नाहीतर त्याचे हात संपले म्हणून. तिसरं कारण त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

नागपूरला सोमवारी कळवायचं होतं. त्याआधीच्या शनिवारी सेवकराम शाळेतून घरी आला, तर पडवीत माग रिकामा. लुगडं कापून घडी घालून ठेवलेलं, आणि शेपूटही नाही. एक धागा नाही. फणी धुऊनपुसून भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली. खड्ड्यात पाय सोडून जिथं लक्ष्मणराव रोज बसायचे तिथली बसायची फळीसुद्धा उचललेली. लक्ष्मणराव घरात नव्हते. जानकीबाई चुलीशी होती. तिनं मान वर करून लेकाकडं पाहिलं, मागाकडं पाहिलं, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

सेवकरामनं खुंटीवरच्या फणीवरून हात फिरवला. झालं, त्याला वाटलं, म्हाताऱ्याचे हात संपले. सांगायची लाज वाटली म्हणून मुकाट्यानं माग उतरवला. आणि आपण इथं नोकरी सोडायच्या गोष्टी करून राहिलो होतो. त्याला वडिलांची इतकी दया आली आणि स्वतःचा इतका राग आला, की तो जेवला नाही. रविवारी तो वडिलांच्या नजरेला नजर न देता वावरला. लक्ष्मणराव मधूनमधून त्याच्याकडं पाहत होते, काहीतरी ऐकायची वाट पाहिल्यासारखे. सेवकरामला वाटलं, म्हातारा आधार शोधतो आहे. सोमवारी त्यानं नागपूरला जाऊन संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

चंद्रकलाला त्यानं कारण सांगितलं. माग रिकामा तिनंही पाहिला होता. जानकीबाईंनी तो निर्णय लक्ष्मणरावांकडं पोचवला. ते पुन्हा "हूं" म्हणाले, पण या वेळी उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरची फणी खाली काढली आणि नवा ताणा ओवायला बसले. एकेक धागा, दातादातातून. चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग पुन्हा कपाळावर. आठवडा गेला त्यात. सेवकरामला ते बघवेना. शेवटी न राहवून तो म्हणाला, "बाबा, कायले त्रास घेऊन रायले?"

"माग रिकामा बरा नाही दिसत," लक्ष्मणराव म्हणाले.

म्हातारा जिद्दीचा आहे, लेकाच्या जिवावर खायचं नाही त्याला, असं सेवकरामनं मनाशी ठरवून टाकलं. एकदा मनाशी ठरवलं की माणूस पुन्हा विचारत नाही.

त्यानंतरच्या तीन वर्षांचं काय सांगायचं? सकाळची शाळा, मग हमरस्त्यावर उभं राहून नागपूरची एसटी, मग वर्ग, मग परतीची एसटी. घरी पोचायचा तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याला ओळखून भुंकत नसत. दुपारच्या गाडीत जागा मिळाली तर झोप आणि नाही मिळाली तर उभ्यानं झोप. कंडक्टर त्याचं तिकीट न विचारता फाडायचे. वर्गात सगळे असेच: कुणी बँकेतला, कुणी वीज मंडळातला, सगळ्यांचे डोळे तांबडे. अमेरिकेतल्या कुण्या साबणाच्या कंपनीनं किती साबण करावेत आणि कुठं विकावेत, हे ठरवण्यात त्या थकलेल्या माणसांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. निर्णय कसा घ्यावा यावर तर एक अख्खा पेपर होता. त्यात पहिलंच वाक्य असं, की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं. सेवकरामनं ते पाठ केलं आणि त्यात त्याला चांगले मार्क मिळाले.

घरात तो दिसायचा तो बहुतेक झोपलेला. रविवारी दिवसभर खाटेवर पडून असे आणि त्याला कुणी उठवू नये म्हणून चंद्रकला साऱ्या घराला दटावत असे. त्यांची मुलगी त्या घरात बोलायला शिकली ती कुजबुजत बोलायला शिकली. शेजारच्या बायांना वाटे, पोरीच्या घशात काही दोष आहे. चंद्रकला तक्रार करणारी बाई नव्हती, पण एकदा डबा भरताना ती म्हणाली, की जेलात गेलेला माणूस निदान दोन वर्षांनी सुटतो तरी. ती हसत म्हणाली. सेवकरामला हसायला वेळ नव्हता, गाडीची वेळ झाली होती.

दोन वर्षांनी तुलाराम सुटला. कंपन्या आल्या, एका मोठ्या कापडगिरणीनं त्याला उचललं, इंदूरला. पेढे घेऊन तो भंडाऱ्याला आला तेव्हा त्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता आणि तो आठवडाभर झोपल्यासारखा ताजा दिसत होता. सेवकरामनं मनापासून त्याचं कौतुक केलं आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. हेवा वाटला, सरळ सांगायचं तर. कापड विकायचं कामही त्यालाच मिळालं होतं, ज्याला लुगड्याचा काठ कोणता आणि पदर कोणता ते कळत नव्हतं.

१९८४ च्या उन्हाळ्यात सेवकराम पास झाला. चांगल्या मार्कांनी झाला. त्यानं अर्ज केले, दोनतीन ठिकाणी मुलाखतीही झाल्या. एका ठिकाणी म्हणाले, वय पस्तिशीच्या आत हवं होतं. दुसरीकडं विचारलं, इतकी वर्षं मास्तरकीच केली, मग व्यवस्थापनाचा अनुभव काय? तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी कागद पाहून "ओह, संध्याकाळचं," असं म्हटलं आणि पाणी प्यायला दिलं. सेवकरामला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला आतून थोडं सुटल्यासारखंच वाटलं. नवीन गावी जायचं, नवीन काम शिकायचं, पहिल्या दिवशी तरतरीत दिसायचं, यातलं काही करायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. जी इच्छा घेऊन तो निघाला होता, ती वाटेत कुठल्यातरी एसटीत झोपून गेली होती. शाळेनं त्याला पर्यवेक्षक केलं आणि ध्वनीचा धडा त्याच्याकडंच ठेवला.

निकाल कळल्यावर भैय्याजी पेढे घेऊन आले. सोसायटीला आपल्या गल्लीतला एमबीए मिळाला म्हणून ते खूश होते. रविवारची सकाळ होती. सेवकराम पहिल्यांदाच जागा होता. लक्ष्मणराव पडवीत मागापाशी बसले होते, कापून घेतलेलं लुगडं बाजूला, नवा ताणा समोर. भैय्याजींनी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि सहज बोलून गेले.

"लक्ष्मणराव, तवा तुमी शेडात येतो म्हणून जागा धराले सांगतली होती मले. पंधरा दिवस धरून ठेवली मी. पोरगं दोन वरसं नागपूरले जाऊन रायलं म्हने, हप्त्याचा बांधलेला पगार पायजे. मंग आलेच नाही तुमी."

लक्ष्मणरावांनी पेढा तसाच खाली ठेवला. भैय्याजींना वाटलं, आपलं काही चुकलं, आणि चहा न घेताच ते उठले.

सेवकरामला ते समजायला थोडा वेळ लागला. सोसायटीच्या शेडात दहाबारा माग होते, तिथं सोसायटीचा ताणा आणि सोसायटीचीच मजुरी. लुगडं विकलं जावो न जावो, शनिवारी पैसे हातात. स्वतःचा माग असलेला विणकर तिथं जाणं म्हणजे जमीनदारानं मजुरीला जाण्यासारखं. गल्लीत लक्ष्मणरावांच्या वयाचं कुणी कधी गेलं नव्हतं. म्हणून माग उतरवला होता. म्हणून खुंटीला फणी, आणि म्हणून म्हातारा त्या रविवारभर लेकाकडं पाहत होता.

तो स्वयंपाकघरात गेला. जानकीबाई डाळ निवडत होती. तिला ठाऊक होतं का, त्यानं विचारलं. ठाऊक होतं. म्हणाली, मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, पोराला सांगा. तर ते म्हणाले, कोष्ट्याचं पोर आहे, माग पाहून समजेल. आणि तू संध्याकाळचं घेतलंस तेव्हा आम्हाला वाटलं, समजूनच घेतलंस, लेकरूबाळ सोडून राहवत नसेल. मग ते शेडात गेले नाहीत.

सेवकरामला रडू आलं नाही. राग आला. आधी आईचा, मग बापाचा, मग निर्णय कसा घ्यावा यावरच्या त्या पेपराचा, आणि शेवटी हिंडून फिरून तो स्वतःपाशीच आला. तीन वर्षं. त्यांनी माग मोकळा केला होता तो त्याला जा म्हणण्यासाठी, आणि तो मोकळा माग पाहूनच तो थांबला होता. एका शब्दानं सगळं वेगळं झालं असतं. पण तो शब्द बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि रीत मोडायला कुणी तयार नव्हतं, तोही नव्हता.

तो बाहेर येऊन मागाशी उभा राहिला. लक्ष्मणराव शेपटाचा एक धागा शोधून चिमटीत धरू पाहत होते. धागा निसटत होता. शेजारी बशीत राख होती.

"बाबा, तवा तुमी माग माह्यासाठी उतरवला?"

लक्ष्मणरावांनी मान हलवली.

"मले वाटलं, तुमचे हात थकले."

लक्ष्मणरावांनी चिमटीतला धागा सोडला आणि हात पुढं धरून दोन्ही बाजूंनी पाहिले. एकच अंगठा नाही, आता सगळीच पेरं गाठीसारखी झाली होती आणि बोटं पुरती सरळ होत नव्हती.

"तवा नव्हते थकले," ते म्हणाले. "आता थकले."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हात पुसून ते थोडे बाजूला सरकले आणि खड्ड्याच्या काठावर जागा करून दिली. सेवकराम बसला. सांधायला तो लहानपणी शिकला होता, मग शाळा, कॉलेज, आणि मग काहीच नाही. त्यानं बोट राखेत बुडवलं, जुना धागा घेतला, नवा घेतला, पिळला आणि ओढून पाहिला. तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. घाईनं तिसरा घेतला.

"सावकाश," लक्ष्मणराव म्हणाले. "आता कोणती बस पकडाची हाय तुले?"